रिकाम्या सीटची गाडी: एका फेअरलेडी झेडच्या दुरुस्तीच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

मावसभाऊ न्यू जर्सीहून आला आणि त्याच्या बॅगेतून जुन्या खेळण्यांचा डबा आला. पोस्टाने खेळणी मागवायचं मी कधीच सोडलंय. कस्टम ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ साली ७०.  म्हणून ओळखीच्या माणसाची बॅग हाच राजमार्ग. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भंगारापायी माझे दोन स्वेटर तिकडेच राहिले." खरं असावं.

डब्यातला माल असा. एक, पोलिसांची काळी-पांढरी फेअरलेडी झेड (निस्सानची स्पोर्ट्स कार), म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स या गाडीचा रोबो होणाऱ्या खेळण्यांतला प्राउल. अंग जवळजवळ पूर्ण, पुढच्या काचेला तडा, छातीजवळच्या बिजागरीची पिन गंजलेली, पांढरं प्लास्टिक दातांवर डाग पडावेत तसं पिवळं. दोन, लाल निस्सान व्हॅनेट, म्हणजे आयर्नहाइड. चेहऱ्याचं स्टिकर अर्धं फाटलेलं. तीन, काळी टोयोटा हायलक्स, ट्रेलब्रेकर. ही फक्त सांगाडा आहे, स्क्रू काढायला उपयोगी. बंदुका, क्षेपणास्त्रं, मुठी अशा सुट्या भागांच्या नावाने शून्य.

काम ठरलं: फेअरलेडी पूर्ण उभी करायची, व्हॅनेट जमेल तेवढी. आणि एक हौस बरीच वर्षं डोक्यात आहे. या गाडीत ड्रायव्हर बसवायचा.

२१ जानेवारी

ड्रायव्हर का, ते लिहून ठेवतो, कारण बघायला येणारे सगळे तेच विचारतात.

ही खेळणी मुळात ट्रान्सफॉर्मर्स नव्हतीच. टोकियोच्या ताकारा कंपनीने १९८० साली डायक्लोन ही मालिका काढली. साधारण इंचभर उंचीची माणसं, त्यांच्या पायांत लोहचुंबक, आणि ती चालवणार अशी यंत्रं. १९८२ पासून त्यात 'कार रोबो' आले. खऱ्या, रस्त्यावर किंवा शर्यतीत दिसणाऱ्या गाड्या: लॅम्बोर्गिनी काउंटॅश, फेअरलेडी झेड, होंडा सिटी टर्बो, मित्सुबिशीची जीप, लॅन्सिया स्ट्रॅटॉस, पोर्श ९३५, लिजिए जेएस११. प्रत्येकीत ड्रायव्हरची जागा. म्हणजे रोबो हे वाहन, जीव आतल्या माणसात. शेजारी ताकाराचीच मायक्रोमॅन मालिका होती, तिच्यातल्या 'मायक्रो चेंज' गटातून १९८३ साली कॅसेट, टेपरेकॉर्डर, पिस्तूल आणि छोट्या बुटक्या गाड्या आल्या.

अमेरिकेच्या हॅस्ब्रोने हे दोन्ही गट उचलले आणि १९८४ साली एकाच नावाखाली बाजारात आणले. हा सौदा जुळवण्याचं श्रेय हेन्री ओरेनस्टाइन यांना देतात. नाझी छळछावण्यांतून वाचलेला माणूस, अमेरिकेत येऊन खेळण्यांत मोठा झाला, आणि पुढे टीव्हीवर पोकर खेळणाऱ्यांचे झाकलेले पत्ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंटही याच माणसाचं. एका आयुष्यात किती गोष्टी बसाव्यात!

हॅस्ब्रोने मार्व्हल कॉमिक्सकडून कथा करून घेतली. जिम शूटर यांनी आराखडा लिहिला, ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ'नील यांचं, आणि बाकी बहुतेक नावं व स्वभाव बॉब बुडियान्स्की यांचे. कथेत रोबो स्वतःच जिवंत, परग्रहावरून आलेले. झालं, आता आत माणूस कशाला? ड्रायव्हर खोक्यातून काढून टाकला. साचे मात्र तेच राहिले, कारण नवा साचा म्हणजे पैसा. म्हणून आज माझ्या हातातल्या प्राउलचं दार उघडलं की आत सीट आहे, आणि तिच्यावर बसणारं कुणीही त्या खोक्यात कधी नव्हतं.

२८ जानेवारी

ओळख पटवली. अंगावर ताकाराचं नाव, जपान आणि कॉपीराइटची सालं कोरलेली आहेत. नवखे लोक ते साल वाचून "१९८२ ची आहे" म्हणून भाव चढवतात. ते साल साच्याच्या हक्काचं, गाडी कधी बनली त्याचं नव्हे. खरा पुरावा अंगावरच्या छोट्या चौकोनी स्टिकरचा. बोटाने घासलं, ऊब लागली की आतून ऑटोबॉटचं, म्हणजे कथेतल्या चांगल्या रोबोंच्या गटाचं, चिन्ह उमटतं. नकली मालाला आळा म्हणून हॅस्ब्रोने ही युक्ती १९८५ पासून आणली. पहिल्या वर्षीच्या मालावर ती नाही. माझ्या गाडीवर आहे, म्हणजे ८५ किंवा नंतरची. घासून बघितलं. उमटतं अजून, फिकट पण उमटतं.

३ फेब्रुवारी

खोलायला घेतली. जपानी खेळण्यांचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण खाच जपानी मापाची. आपला नेहमीचा पेचकस त्यात पुरता बसत नाही. जोर दिला की वर चढतो आणि डोकं खातो. जुन्या आरएक्स-१०० चे स्क्रू कुणी खाल्ले असतील त्याला हे सांगायला नको. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा बारीक पेचकस घेतला, सगळे स्क्रू एका दमात निघाले. प्रत्येक स्क्रू कागदावर गाडीचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावला. लांबी सारखी नाही; लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर प्लास्टिक बाहेरून फुगतं.

वजनाचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव. हात लावल्यावर थंड लागतात. लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही. जस्त आहे ते. पिना आणि स्क्रू पोलादी, म्हणून गंज फक्त तिथेच.

१० फेब्रुवारी

पिन. अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात किचकट काम हेच.

या पिना एका टोकाला गुळगुळीत आणि दुसऱ्या टोकाला उभ्या रेघा पाडलेल्या असतात. रेघांचं टोक प्लास्टिकात रुतून पिन धरून ठेवतं. काढताना गुळगुळीत बाजूने ठोकायची, म्हणजे रेघांचं टोक आलं तिकडूनच बाहेर पडतं. उलट ठोकली तर रेघा सगळं भोक खरवडत जातात आणि बिजागरी कायमची ढिली. टोक ओळखायचं तर भिंग हवं. रेघांच्या बाजूला भोकाच्या कडेला बारीक दाते दिसतात.

पिन गंजाने फुगलेली. व्हिनेगर, लिंबूसत्त्व वगैरे गंजावर चालतं, पण शेजारी जस्त असेल तर आम्ल आधी जस्तच खातं. त्यामुळे आम्ल बाद. थेंबभर तेल, रात्रभर ठेवणं, सकाळी परत थेंबभर. मग सुताराकडचा बारीक पंच, खाली मऊ लाकूड, आणि टिचकी मारावी इतकाच ठोका. निघाली.

नवी पिन करून घ्यायला लेथवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, "एवढ्याशा काडीला लेथ लावू का मी? ड्रिलचं बिट आण त्या मापाचं, मागचा दांडा काप, झालं काम." बरोबर आहे. बिटचा दांडा सरळ असतो, माप पक्कं असतं, आणि पोलाद उत्तम. कापून कडा घासल्या, एका टोकाला कानशीने चार रेघा दिल्या. बिजागरी आता नव्यासारखी घट्ट फिरते. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण रोबो उभा करून दाखवायला लावला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं.

१८ फेब्रुवारी

व्हॅनेट. हिच्याबद्दल जरा सविस्तर, कारण माझं म्हणणं हिच्यात सगळ्यात उघडं दिसतं.

आयर्नहाइड आणि रॅचेट ही एकाच साच्याची दोन खेळणी, लाल व्हॅन आणि पांढरी रुग्णवाहिका. कार्टून बघून ज्यांनी हे खेळणं घेतलं, ती पोरं खोकं उघडून रडवेली झाली असणार. याला डोकंच नाही! व्हॅन उघडून रोबो उभा केला की खांद्यांच्या मध्ये गाडीची पुढची काच, काचेमागे सीट, आणि सीटवर चेहऱ्याचं स्टिकर. बास. व्हॅनचा मागचा भाग सुटून वेगळा होतो, त्याचा तोफ लावलेला गाडा बनतो.

आता डायक्लोनच्या नजरेने बघा. डोकं कशाला हवं? डोक्याच्या जागी माणूस बसलाय, काचेतून समोर बघतोय, हात-पाय यंत्राचे. मांडणी अगदी चोख आहे. गाडी जिवंत आहे असं सांगितल्यावरच ती विचित्र दिसायला लागते. कार्टूनवाल्यांना पात्र बोलतं करायचं होतं, त्यांनी सरळ डोकं काढून दिलं. दुकानातलं खेळणं मात्र सीटवरच अडकलं. लोक याला कुरूप म्हणतात. मला या मालिकेतलं हेच सगळ्यात प्रामाणिक खेळणं वाटतं.

आज फक्त धुतली. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश. स्टिकरला पाणी लागू दिलं नाही.

२५ फेब्रुवारी

काही नाही. लग्नाला गेलो होतो.

९ मार्च

खांद्यावरचे क्षेपणास्त्र-लाँचर एका संग्राहकाकडून जुन्या भागांच्या बदल्यात मिळाले. चकाकी चांगली आहे. ही चकाकी क्रोमची नव्हे. निर्वात पेटीत प्लास्टिकवर धातूची अतिपातळ वाफ बसवतात, वर लाखेसारखा थर. स्पिरिट लावलं की लाख उठते आणि तिच्यासोबत चांदीही. फक्त साबणाचं पाणी, तेही टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

स्प्रिंग बघा मात्र. क्षेपणास्त्र लावून खटका दाबला तर ते उडत नाही, लाजत-लाजत पुढे सरकून टेबलावर पडतं. हे जुनं झाल्यामुळे नाही. जपानी डायक्लोनच्या स्प्रिंगा जोरात होत्या. अमेरिकेसाठी मुद्दाम कमजोर केल्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी मॅटेलच्या एका अंतराळयानाचं उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं होतं, तेव्हापासून तिकडचे सगळे उत्पादक धसका घेऊन होते. स्प्रिंग बदलून जोरदार बसवता येईल. बसवणार नाही. घरात दोन वर्षांचा पुतण्या आहे.

१४ एप्रिल

पुण्याचं ऊन आता कामाचं झालं. पिवळेपणा काढायला घेतला.

पांढरं एबीएस प्लास्टिक उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण, म्हणजे आपलं फुकटचं ऊन. पार्लरच्या सामानाच्या दुकानात केस रंगवायचं डेव्हलपर क्रीम मिळतं. '२० व्हॉल्यूम' म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, '४० व्हॉल्यूम' म्हणजे १२. मी २० घेतलं. दुकानदाराने आधी माझ्या टकलाकडे बघितलं, मग क्रीम दिलं.

धातूचे भाग, काच, चाकं, स्टिकर असलेले तुकडे सगळे बाजूला. दारं, छत, मागचा भाग क्रीमने माखून पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळले आणि गच्चीत ठेवले. हातमोजे हवेतच, कातडी पांढरी पडून चुरचुरते. अर्ध्या-अर्ध्या तासाने फिरवायचं आणि क्रीम बोटाने पसरवायचं. एका जागी वाळलं की संगमरवरासारखे पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत.

संध्याकाळी धुतलं. पोलिसांच्या गाडीचा पांढरा नाही, हस्तिदंती म्हणावा असा रंग आला. इथेच थांबलो. पूर्ण शुभ्र करता आलं असतं, पण हे प्लास्टिक पुढेमागे परत पिवळं पडतंच, आणि जितकं जास्त भाजाल तितकं ठिसूळ होण्याचा धोका. चाळीस वर्षांची गाडी चाळीस वर्षांची दिसायला हरकत नाही.

५ मे

पुढची काच. तडा छताच्या खांबाच्या मुळाशी, जिथे या साच्याच्या गाड्या हमखास तडकतात. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद पारदर्शक प्लास्टिकजवळ वापरायचा नाही. त्याची वाफ काचेवर बसून पांढरं धुकं धरतं. दोन नळ्यांचं पारदर्शक अरल्डाइट टाचणीच्या टोकाने तड्यात भरलं, कपड्याच्या चिमट्याने हलकं धरून ठेवलं. तडा दिसतो. धरलंय घट्ट.

याच साच्याचा एक किस्सा इथेच टिपून ठेवतो. फेअरलेडीच्या साच्यातून हॅस्ब्रोने तीन पात्रं काढली: प्राउल, ब्लूस्ट्रीक आणि १९८५ साली स्मोकस्क्रीन. ब्लूस्ट्रीकच्या नावात निळा आणि अंगावर चांदी, पुढे काळं बॉनेट. कारण डायक्लोनमध्ये या गाडीची निळी आवृत्ती होती आणि हॅस्ब्रोच्या सुरुवातीच्या छापील पत्रकांत तिचाच फोटो गेला. तिकडचे संग्राहक निळा ब्लूस्ट्रीक खोक्यातून कधी विकला गेला की नाही यावर आजही एकमेकांची डोकी फोडतात. प्राउलचं नशीब बरं. पोलिसांची गाडी पोलिसांचीच राहिली, आणि खोक्यावर त्याला लष्करी डावपेचांचा जाणकार केलं. त्याच खोक्यावर शक्ती, वेग, बुद्धी यांचा आलेख असायचा आणि तो वाचायला लाल पारदर्शक पट्टी वरून धरावी लागायची.

२२ जून

पाऊस. ड्रायव्हरचं काम.

अस्सल डायक्लोन ड्रायव्हर विकत घ्यायचा विचार केला होता, पण इंचभराच्या माणसाला अख्ख्या गाडीएवढी किंमत मागतात. भाची इंजिनिअरिंगला आहे, तिच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर. नक्कल करायची नाही असं ठरवलं. आमचाच साधा माणूस: हेल्मेट, गुडघ्यात वाकणारे पाय, हात मांडीवर. सीटची रुंदी व्हर्नियरने मोजून तिला दिली. पहिला नमुना पाहून ती म्हणाली, "मामा, हा ड्रायव्हर आहे की पेंगणारा वॉचमन?" मान सरळ केली.

छापून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचा, मग यूव्ही दिव्याखाली कडक करायचा. पावसात उन्हाचा भरवसा नाही, म्हणून दिवा. पायांत भोक पाडून दोन मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक बसवले. रोबोच्या धातूच्या भागावर तो उभा राहत नाही, जस्त ना! स्टीलच्या पट्टीवर मात्र खटकन उभा राहतो. भाचीने तो फ्रिजच्या दारावर आडवा लावून ठेवला आणि तीन दिवस तिथेच होता.

७ जुलै

जोडणी. कागदावरचे स्क्रू एकेक करून परत गेले, शेवटी एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. सैल सांध्यांना आतून रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात दिला, पूर्ण वाळल्यावरच बसवले. ओलं असताना बसवलं तर सांधा चिकटून बसतो. दारांची स्टिकरं नारायण पेठेत व्हिनाइलवर छापून घेतली. काळा रंग मुळापेक्षा थोडा गडद आलाय. दोन फुटांवरून कळत नाही.

बॉनेट खाली, छातीवर हेडलाइट, दारं पाठीमागे पंखांसारखी उघडी. उभा राहतो. ढकलला तरी पडत नाही.

१४ जुलै

ड्रायव्हर फेअरलेडीत बसवून बघितला. बसतो. दार मिटताना कोपर किंचित घासतं, कानशीचा एक हात मारला की मिटेल. पण मारला नाही, कारण दुसराच प्रश्न आला. बॉनेटवर ऑटोबॉटचं चिन्ह उमटतंय आणि आत माणूस स्टिअरिंगवर. दोन्ही एकत्र नको. ही गाडी ८५ किंवा नंतरची, अमेरिकेसाठी बनलेली. तिच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं आणि ती तशीच रिकामी राहू दे.

मग व्हॅनेट आठवली. तिचं स्टिकर नाहीतरी अर्धं फाटलेलंच. नवीन चेहरा छापून घेण्याचा बेत रद्द केला आणि ड्रायव्हर तिच्या सीटवर बसवला. रोबो उभा केला. खांद्यांच्या मध्ये, काचेमागे, आमचा वॉचमन सरळ समोर बघतोय. इतकी वर्षं ज्याला बिनडोक म्हणून हिणवलं ते यंत्र आता कुणीतरी चालवतंय असं दिसतं. भाचीला फोटो पाठवला. उत्तर आलं: "आता कळलं सीट का होती."

जपानमध्ये ताकाराने स्वतः १९८५ साली डायक्लोन आवरती घेऊन हीच खेळणी ट्रान्सफॉर्मर म्हणून विकायला काढली, आणि तिकडेही ड्रायव्हर गेला. तेव्हा माझी व्हॅनेट इतिहासाला धरून नाही, हे मान्य. अमेरिकन खोक्यातली गाडी आणि पुण्यात छापलेला माणूस. राहू दे.

२० जुलै

उरलेलं: हायलक्स. चार चाकं हवीत, पुढची काच हवी. हिरवा हॉइस्ट हाही हायलक्सच्याच साच्यातून निघालेला, त्याची चाकं चालतील. एका संग्राहकाकडे मोडका हॉइस्ट आहे, पण त्याला बदल्यात माझे जुने स्क्रू नकोत, लाँचर हवेत. लाँचर देणार नाही. दिवाळीपर्यंत वाट बघू.